जुनी गाडी बघायला गेलात की आधी चेनला हात लावा

दसरा-दिवाळीला नवी गाडी दारात आली की जुनी विकायला निघते. त्यामुळे या दिवसांत सेकंडहँड मोटरसायकलींबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी तासगावच्या एका ताईंना सविस्तर उत्तर देतो, कारण त्यांची अडचण बऱ्याच घरांतली आहे. बाकीच्यांना जमेल तेवढं थोडक्यात.

प्रश्न : काका, मी सांगलीच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तासगावहून रोजचं जाणं-येणं पन्नासेक किलोमीटर होतं. रात्रपाळी असली की एसटीची वेळ जुळत नाही. भावाची मोटरसायकल चालवत आले आहे, म्हणून स्कूटर नको, मोटरसायकलच घ्यायची आहे. पंचेचाळीस हजारांपर्यंत जमेल. दोन गाड्या बघून ठेवल्या आहेत. एक 2017 ची स्प्लेंडर. मालक निवृत्त शिक्षक, मीटरवर 61 हजार किलोमीटर, टाकीवर ओरखडे, 36 हजार मागतात. दुसरी 2019 ची शाइन, एका डीलरकडे. मीटरवर 17 हजार, नव्यासारखी चमकते, 48 हजार सांगतात. घरचे म्हणतात शाइनच घे, कमी चाललेली आहे. काय करू?

उत्तर : ताई, गाडीला हात न लावता 'हीच घ्या' असं सांगता येणार नाही. पण पत्रावरून माझा कल स्प्लेंडरकडे आहे.

61 हजार हा आकडा ऐकून घरचे बिचकले असतील. जरा हिशोब करून बघा. 2017 पासूनची गाडी म्हणजे वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर. शाळेत रोज जाणाऱ्या माणसाची गाडी एवढी चालणारच. आकडा माणसाला जुळतो. त्या शंभर सीसीच्या इंजिनाला वेळेवर ऑइल मिळालं असेल तर एवढ्या चालीत घाबरण्यासारखं काही नाही. शाइन मात्र वर्षाला तीन हजारसुद्धा धड चाललेली नाही, म्हणजे दिवसाला जेमतेम आठ किलोमीटर. असं असू शकतं. गावातल्या गावात दुकानापर्यंत जाणाऱ्या माणसाची गाडी एवढीच चालते. पण मग सर्व्हिसिंगची बिलं किंवा सर्व्हिस बुक दाखवा म्हणावं. त्यात तारखेसमोर किलोमीटर लिहिलेले असतात.

बिलं नसतील तर जिथे रोज हातपाय लागतात त्या जागा बघा. किकचं रबर, गिअरचं रबर, फूटरेस्ट, मुठी, मागच्या ब्रेकच्या पेडलची कड. 17 हजार चाललेल्या गाडीच्या फूटरेस्टवरचे उंचवटे अजून बोटाला लागायला हवेत. ते गुळगुळीत झाले असतील तर मीटरवर विश्वास ठेवू नका. आणि ही सगळी रबरं एकदम नवी कोरी असतील तर ती का बदलली, हे विचाराच. मग टायर. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. एवढ्या कमी चालीत मागचा टायर पहिलाच असण्याची शक्यता जास्त. तो दोन-तीन वर्षांनी नंतरचा निघाला, तर पहिला टायर कधी आणि कशाने संपला?

आता मुख्य गोष्ट. गाडी कशी वापरली आहे हे टाकीवर कळत नाही. टाकीला रंग मारून, सीट कव्हर बदलून, इंजिनावर सिल्व्हर फवारून गाडी एका दिवसात चकचकीत होते. मालकाची सवय कळते ती स्वस्तातल्या गोष्टींवरून. चेन, क्लचची वायर, एअर फिल्टर, ऑइल, ब्रेक. या कामांना पैसे फार लागत नाहीत, पण वेळच्या वेळी कुणीतरी लक्ष द्यावं लागतं. जो माणूस पावसाळा संपल्यावर आठवणीने चेनला ऑइल देतो, त्याने इंजिनाचं ऑइलही चुकवलेलं नसतं. माझ्या गॅरेजमध्ये एवढ्या वर्षांत हे फार क्वचित खोटं ठरलं. म्हणून कुठलीही गाडी बघायला गेलो की मी आधी खाली बसतो आणि चेनला हात लावतो.

तुमच्या दोन्ही गाड्यांना चेनवर पूर्ण कव्हर असतं, त्यामुळे चेन उघडी दिसत नाही. कव्हरला तपासणीसाठी एक भोक असतं आणि त्यावर रबरी बूच. बूच काढा, बोट आत घाला, चेन वर-खाली हलवा. दोन ते तीन सेंटीमीटर हलली तर बरोबर. मागचं चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी हेच करा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर चेन सारखी ताणलेली नाही, म्हणजे ती संपत आली. बोट बाहेर काढून बघा. काळं तेलकट लागलं तर चांगलं. कोरडी तांबूस पूड लागली तर त्या चेनकडे कुणी बघितलेलंच नाही. बूचच जागेवर नसेल तर आत माती-पाणी किती दिवस जातंय कुणास ठाऊक. मग मागच्या चाकाच्या आसाजवळ चेन अॅडजस्टर बघा, तिथे खुणा असतात. चाक शेवटच्या खुणेपर्यंत मागे ओढलेलं असेल तर आता चेन-स्प्रॉकेटचं किट बदलण्याशिवाय इलाज नाही. खर्च हजार-दीड हजारांचा आहे, तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नका. पण चेन अशी आणि मालक म्हणतो 'टापटीप ठेवलीय', तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा.

नट-बोल्टही बघा. ऑइल काढायचा बोल्ट, टॅपेटची (इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या जागची) झाकणं, साइड पॅनेलचे स्क्रू. पान्याने कडा गोल झालेल्या असतील तर गाडी आडमाप हातात गेलेली आहे. डोकी शाबूत असतील तर मेकॅनिक बरा होता.

गाडी बघायला सकाळी जा, आणि आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा की मी आल्याशिवाय चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावून बघा, थंड हवं. गरम लागलं तर आज परत या आणि उद्या पुन्हा जा. थंड इंजिन चालू होताना जे आवाज आणि जो धूर निघतो, तो गरम इंजिन लपवतं. सेल्फ मारण्याआधी चावी न लावता किक हाताने हळू दाबा. मध्ये चांगला अडसर लागला पाहिजे. सहज खाली गेली तर कॉम्प्रेशन कमी, म्हणजे पिस्टन-रिंग किंवा व्हॉल्व्हचं काम. मग चोक देऊन चालू करा. मिनिटभर आवाज जरा जड असतो, त्याची काळजी नको. बारीक टकटक टॅपेटची असते, तीही चालते. पण करकर असा साखळी घासल्यासारखा आवाज आला आणि गरम झाल्यावरही गेला नाही, तर इंजिनातली टायमिंग चेन बघायला हवी. दोन मिनिटांनी अॅक्सिलरेटर ओढून सोडा आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला धुराचा रंग विचारा. निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळतंय. अशी गाडी रंग कितीही छान असला तरी घेऊ नका, बोअरचं (सिलिंडरचं) काम निघालं की तुमच्या बजेटचा मोठा वाटा त्यातच जाईल. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटर साफ करून किंवा एअर फिल्टर बदलून बहुतेक वेळा निभतं.

गाडी डबल स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागे दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल. हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. सरळ रेषेत आल्यावर खट्कन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा, खेळ लागला तर सांध्यातले बुश झिजलेत. पुढच्या शॉकअपच्या नळीवरून कोरडा रुमाल फिरवा, तेलाचा पट्टा उमटला तर सील गेली आहे. यांपैकी एकही दुरुस्ती मोठी नाही, पण प्रत्येकीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

मग चालवा. गल्लीत चक्कर मारून भागणार नाही, पाच-सहा किलोमीटर तरी हवेत. चौथ्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर द्या. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट घसरतायत. मोकळ्या रस्त्यावर हँडल जरा सैल धरून गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. ओढत असेल तर अपघाताबद्दल स्पष्ट विचारा, आणि पुढच्या फोर्कजवळ चेसिसला वेल्डिंग दिसतं का तेही बघा. तुमची रात्रपाळी आहे, म्हणून अंधारात हेडलाइट स्वतः बघितल्याशिवाय सौदा करू नका. ब्रेकही स्वतःच्या पायाने मारून बघा. शाइनला पुढे डिस्क असेल आणि वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षांना ती उतरली, तर हायवेवरच्या पन्नास किलोमीटरसाठी तिचं 125 सीसीचं इंजिन जास्त आरामाचं आहे, हे मी मान्य करतो. पण मग 48 हजार देऊ नका, तो आकडा तुमच्या बजेटबाहेर आहे. कुठलीही जुनी गाडी घेतल्यावर ऑइल, फिल्टर, केबल्स, ब्रेक शू, नंतर कदाचित बॅटरी, यासाठी चार-पाच हजार हाताशी लागतात. स्प्लेंडर घेतलीत तर तेवढे उरतात.

आणि त्या गुरुजींना एक विचारा, ऑइल कुणाकडे बदलता? गॅरेजवाल्याचं नाव त्यांनी लगेच सांगितलं तर त्या गॅरेजवाल्याकडे जाऊन या. तो गाडी ओळखत असेल.

प्रश्न : काका, 2019 आणि 2021 च्या महापुरात आमच्या भागातल्या शेकडो गाड्या पाण्यात होत्या. आता त्या स्वस्तात येतात. बुडालेली गाडी ओळखायची कशी? घ्यावी का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न आमच्याही शहराच्या जिव्हाळ्याचा आहे. सांगलीत हरभट रोडवर दुकानांत पाणी होतं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्यांना कोण वाचवणार? पाणी उतरल्यावर त्या गाड्या धुवून पुसून उभ्या राहिल्या, काही खरोखर नीट खोलून दुरुस्त झाल्या, काही नुसत्या चालू करून विकल्या गेल्या. तुम्हाला या दोन्हींतला फरक ओळखायचा आहे.

नदीचा गाळ बारीक असतो आणि धुण्याचा पाइप जिथे पोचत नाही तिथे तो वर्षानुवर्षं राहतो. सीट काढा आणि खालच्या बाजूने बघा. फोममध्ये कुबट वास आणि प्लॅस्टिकच्या कोपऱ्यांत पिठासारखी पिवळट-तपकिरी माती सापडते. एअर फिल्टरच्या डब्याचा तळ बघा. हेडलाइटचा गोळा काढता आला तर आतल्या वायरिंगची जोडणी बघा. कनेक्टरच्या तांब्यावर हिरवा गंज असेल तर तिथपर्यंत पाणी गेलेलं आहे. पावसाचं पाणी एखाद्या कनेक्टरमध्ये शिरतं. पुराचं पाणी सगळ्यांत शिरतं, त्यामुळे पुढचे-मागचे सगळे हिरवे दिसतात. मीटरच्या काचेआड आतून ओलसर डाग, सीटखालच्या स्प्रिंगांवर एकसारखा गंज, हीही लक्षणं.

इंजिनात मोठा धोका एका प्रसंगात असतो. पाणी उतरल्यावर कुणी घाईने किक किंवा सेल्फ मारली आणि सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही, सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. अशी गाडी चालू होते, पण थरथरते आणि थोड्या महिन्यांत खालून आवाज करायला लागते. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा : पाण्यातून काढल्यावर चालू करण्याआधी प्लग काढून पाणी बाहेर काढलं होतं का, ऑइल किती वेळा बदललं, मॅग्नेटची (वीज तयार करणाऱ्या भागाची) बाजू उघडली का? ज्याने स्वतः उभं राहून काम करून घेतलं, त्याला हे सगळं पाठ असतं आणि बहुतेक वेळा बिलही असतं. अशाची गाडी वायरिंग नवी टाकलेली असेल तर जरूर बघा, किंमत कमी करून मागा. जो म्हणतो 'पाणी फक्त चाकापर्यंत होतं' आणि सीटखाली गाळ निघतो, त्याची गाडी सोडा.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी गाडी विकली. गाडी घेणाऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून दिल्या, तारीख टाकली नाही. आता त्या गाडीची चलानं माझ्या मोबाइलवर येतात. घेणारा फोन उचलत नाही. (एक वाचक, कराड)

उत्तर : दादा, चलानाचे पैसे ही यातली सगळ्यांत लहान गोष्ट आहे. आरटीओच्या नोंदीत तुमचं नाव आहे तोवर कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार खटल्यात हेच स्पष्ट केलं : गाडी विकली तरी नोंद बदललेली नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते. त्या गाडीचा विमा संपलेला असेल आणि उद्या कुणाला धडक बसली, तर नोटीस तुमच्या घरी येईल.

आजच करायची कामं. विक्रीची चिठ्ठी, पैसे मिळाल्याचा बँकेचा किंवा यूपीआयचा पुरावा, घेणाऱ्याच्या आधारची प्रत, जे असेल ते गोळा करा. ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे तिथे लेखी अर्ज द्या की अमुक तारखेला गाडी दिली आहे, हस्तांतरण झालेलं नाही. पोच घ्या. घेणाऱ्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा. वकिलामार्फत पाठवलीत तर माणूस लवकर हलतो असा अनुभव आहे.

इतर वाचकांनीही लक्षात घ्यावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव स्वतःच्या हाताने लिहा. गाडी सोपवताना तारीख आणि वेळ घालून ताबा-पावती करा. त्या वेळेनंतरचं सगळं घेणाऱ्याचं. डीलरला विकत असाल तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म 29सी ने आरटीओला देता येते. ती दिली की तुमची काळजी बरीच मिटते. डीलरकडे तसं अधिकारपत्र आहे का, हे आधी विचारा.

घेणाऱ्यांनीही पैसे देण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकावा. कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी कधीपर्यंत, हे तिथे दिसतं. चलानं राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पानावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून दिसतात. विमा स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. गाडी 1 एप्रिल 2019 आधीची असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा.

प्रश्न : बेळगावची केए-22 ची गाडी सांगलीत घेतली तर चालेल का? आठ हजार स्वस्त मिळते आहे. (एक वाचक, मिरज)

उत्तर : चालेल, पण आठ हजार सगळे वाचणार नाहीत. आधी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, लागते, फॉर्म 28 ची. मग इथे एमएच-10 चा नवा नंबर, आणि गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा कर. कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज आणि खेपा. एनओसी विकणाऱ्याने काढून हातात दिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. केएच्या नंबरवर वर्षानुवर्षं इथे गाडी चालवायची हा विचार सोडून द्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो.

प्रश्न : 1994 ची आरएक्स 100 मिळते आहे. वडिलांकडे होती, म्हणून मन ओढतं. रोज कामावर नेता येईल का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : मनापासून हवी असेल तर घ्या, रोजच्या कामासाठी मात्र नको. ही गाडी भारतात 1985 ते 1996 या काळात बनली, म्हणजे तुमची शेवटच्या काही वर्षांतली. टू-स्ट्रोक असल्याने थोडा निळा धूर येणारच, ऑइल पेट्रोलबरोबर जळतं, त्याला दोष समजू नका. खरी तपासणी कागदांची. आरसी पहिली 15 वर्षं असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते आजपर्यंत झालेलं असलं पाहिजे. मग हँडलच्या खाली चेसिसच्या नळीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंबराची जागा घासून सपाट केलेली, आकडे वाकडे-तिकडे किंवा त्याच जागी ताजा रंग असेल तर तिथून निघा. या गाड्यांना भाव आल्यापासून एका गाडीचे कागद आणि दुसऱ्या गाडीची चेसिस असे प्रकार होतात, आणि पकडलं गेलं की गाडी पोलीस ठाण्यात जाते.

प्रश्न : गाडी पसंत आहे, पण आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव आहे. मालक म्हणतो कर्ज केव्हाच फिटलं. (एक वाचक, विटा)

उत्तर : फिटलं असेल, पण बोजा आपोआप उतरत नाही. कंपनीचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो मालकाने आरटीओत उतरवून घ्यायचा असतो. आरसीवरून नाव गेलेलं ऑनलाइन दिसलं की व्यवहार करा. तोवर विसार म्हणून हजार-पाचशेच्या वर देऊ नका, आणि तेही पावती घेऊनच.